सात महिने कपाटात ठेवलेला सेल: सिल्व्हर ऑक्साइडच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

चांदी-जस्ताचा जुना सेल आज फोडला. सात महिन्यांपूर्वी दोन सेल एकाच दिवशी बांधले होते. साचा एक, पाट्या एकाच घाण्यातल्या, द्रावण एकाच बरणीतलं. पहिला लगेच डिस्चार्ज केला, त्याने १८४० मिलिअँपिअर-तास दिले. दुसरा कपाटात ठेवला आणि काल डिस्चार्ज केला. त्याने १६०० दिले, म्हणजे २४० कमी. त्यातही वरची पायरी, म्हणजे सुरुवातीचा जास्त व्होल्टेजचा टप्पा, जुळ्या सेलच्या मानाने फारच आखूड निघाली. डबीही जराशी फुगली होती.

आत एका बाजूला सिल्व्हर ऑक्साइडची धन पाटी, दुसऱ्या बाजूला जस्ताची, आणि मध्ये पडदा म्हणून सेलोफेनचे चार थर. धन पाटीला चिकटलेला थर काळाकुट्ट, एका बाजूने आरशासारखा चमकणारा. दुसरा गर्द तपकिरी, तिसरा मातकट, चौथा जवळजवळ कोरा. चारही थर वेगवेगळ्या पिशव्यांत, क्रमांक टाकून ठेवले आहेत.

ते २४० कुठे गेले, एवढ्या एकाच प्रश्नासाठी ही वही उघडली आहे. दोन वाटा दिसतात. ऑक्साइड द्रावणातल्या अल्कलीत विरघळून चांदी पलीकडे जस्ताच्या दिशेने निघून गेली असेल, किंवा ऑक्साइड जागच्या जागी मोडून ऑक्सिजन सुटला असेल. काळं सेलोफेन पहिल्या वाटेची साक्ष देतं, फुगलेली डबी दुसऱ्या. दोन्ही झालं असणार. कुणाचा वाटा किती, हे मोजायचं आहे.

नोंदींसाठी नावं ठरवून टाकते. ज्यात चांदीचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, तो ‘तपकिरी’. ज्यात दोन्ही एकास एक, तो ‘काळा’. दोन्ही डोळ्याला गडदच दिसतात, पण काचेवर घासले की फरक कळतो. सेल बांधताना धन पाटीत ५ ग्रॅम काळा भरला होता. काळ्याची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ४३२ मिलिअँपिअर-तास, तपकिरीची २३१. म्हणजे पाटीत कागदावर २१६० होते.

५ फेब्रुवारी

दिवस सगळा तयारीत गेला.

तपकिरी करणं सोपं आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आमच्या बोलण्यातला केओएच, हळूहळू सोडला की साका लगेच पडतो. वेळ जातो तो धुण्यात. वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा साका बसू द्यायचा. आठ वेळा केलं. वाळवलं अंधारात, सिलिका जेलवर, कारण हा उजेडालाही बिचकतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतो.

काळा परसल्फेटच्या पद्धतीने केला. गरम अल्कलीत, ८५ ते ९० अंशांवर, सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम परसल्फेट ढवळत राहायचं. पातळ केओएचने धुऊन साध्या तापमानालाच वाळवला. याला उष्णता सोसत नाही.

केओएचच्या गोळ्यांत १५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे वजनावर विसंबता येत नाही. प्रत्येक द्रावण आम्लाशी टायट्रेट करूनच, म्हणजे किती आम्ल लागतं ते मोजून केओएच किती हे काढूनच, बाटलीवर आकडा लिहिला. पाणी उकळून गार केलेलं, बाटल्या प्लास्टिकच्या. तीव्र केओएच काच खातो.

धाकट्या सहकाऱ्यासाठी फळ्यावर लाल खडूने लिहून ठेवलं आहे: चांदीच्या ऑक्साइडची भांडी अमोनियाने धुवायची नाहीत. त्यातून तयार होणारा काळा गाळ सुकल्यावर नुसत्या धक्क्यानेही फुटतो. भांड्यांसाठी पातळ नायट्रिक आम्ल आहे.

९ फेब्रुवारी

चार दिवस बाटल्या २५ अंशांच्या पाण्यात हलत होत्या. १, ३, ६ आणि १० मोलर (म्हणजे लिटरमागे तेवढे मोल) केओएच, प्रत्येकात तपकिरी भरपूर, म्हणजे तळाशी न विरघळलेला उरेल इतका. आज गाळायला घेतलं आणि इथेच चुकले. हाताशी होता म्हणून साधा गाळणकागद लावला. ६ मोलरचं द्रावण ओतलं आणि पाच मिनिटांत कागद तपकिरी पडायला लागला. कण अडकले असतील असं आधी वाटलं. कागद धुतला, रंग गेला नाही. मग सगळ्यात वरचं, पूर्ण नितळ द्रावण पिपेटने काढून कोऱ्या कागदावर सोडलं. तोही काळवंडला.

विरघळलेली चांदी कागदातल्या सेल्युलोजने खेचून घेतली होती. सेल्युलोज ऑक्सिडाइझ होतं आणि चांदी धातू होऊन धाग्यांत बसते. आजची गाळलेली सगळी द्रावणं फेकून द्यावी लागणार.

मी वैतागून कागदही टाकणार होते. सर म्हणाले, “तो ठेव. सेल फोडलास तेव्हा हाच रंग पाहिला होतास ना?”

खरंच हाच. सेलोफेन म्हणजे सेल्युलोजच. माझं मोजमाप बिघडवणारी क्रियाच सात महिने त्या सेलमध्ये पहारा देत होती. कागद तीन तारखेच्या पिशव्यांबरोबर ठेवला. यापुढे गाळणी टेफ्लॉनच्या पडद्याची.

१२ फेब्रुवारी

नवी द्रावणं, नवी गाळणी. चांदी मोजायला ओळखीची रीत घेतली. नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करायचं, लोहाच्या तुरटीचा दर्शक घालायचा आणि थायोसायनेटने टायट्रेट करायचं. ६ मोलरच्या ५० मिलि द्रावणात बर्फावर थेंब थेंब आम्ल घातलं, कारण एवढा केओएच उदासीन होताना उकळी फुटेल इतकी उष्णता निघते. आम्लाकडे झुकताच द्रावण दुधासारखं गढूळ झालं.

हे अपेक्षित नव्हतं. दोन तास गेल्यावर केओएचच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचलं: क्लोराइड कमाल ०.००५ टक्के. एरवी असल्या आकड्याकडे कुणी बघत नाही. पण ६ मोलर म्हणजे लिटरला ३३७ ग्रॅम केओएच, आणि त्याचे ०.००५ टक्के म्हणजे जवळजवळ १७ मिलिग्रॅम क्लोराइड, लिटरला ०.४७ मिलिमोल. मी शोधतेय ती चांदीही लिटरला अर्ध्या मिलिमोलच्या आतबाहेरच असणार. अशुद्धी आणि शोधायची वस्तू समसमान!

मग अल्कलीत असताना हे क्लोराइड गप्प का होतं? तिथे चांदी मोकळ्या आयनाच्या रूपात जवळजवळ नसतेच. दोन हायड्रॉक्साइड तिला दोन्ही बाजूंनी धरून असतात. तपकिरीचा एक रेणू, दोन हायड्रॉक्साइड आणि पाण्याचा एक रेणू मिळून असे दोन ऋण आयन होतात. त्यांना डायहायड्रॉक्सोअर्जेंटेट म्हणतात, इथे नुसतं अर्जेंटेट लिहिते. ६ मोलर केओएचमध्ये मोकळा चांदीचा आयन आणि अर्जेंटेट यांचं प्रमाण काढलं, तर मोकळा एक असताना अर्जेंटेट साडेतीन लाखांच्या पुढे जातात. एवढ्याशा मोकळ्या चांदीला क्लोराइड साक्यात ओढू शकत नाही. उलट सिल्व्हर क्लोराइडच तीव्र अल्कलीत घालून गरम केलं तर त्याचा तपकिरी ऑक्साइड होतो, आणि चांदी परत मिळवायची ती जुनी रीत आहे. आम्ल घालताच हायड्रॉक्साइडची पकड सुटते, चांदी मोकळी होते आणि क्लोराइड तिला धरतं.

म्हणजे आम्लात जायचंच नाही. अल्कलीतच मोजायचं, आणि क्लोराइडहून कितीतरी घट्ट धरणारं काहीतरी हवं. आयोडाइड.

१४ फेब्रुवारी

जमलं! चांदीची तार हा एक इलेक्ट्रोड, पारा आणि पाऱ्याच्या ऑक्साइडचा संदर्भ इलेक्ट्रोड हा दुसरा, ब्युरेटमध्ये ०.००५ मोलर पोटॅशियम आयोडाइड. ५० मिलि द्रावण, तेही तीव्र अल्कली असतानाच. दर ०.२ मिलिला मिलिव्होल्ट लिहीत गेले. सुरुवातीला वक्र सपाट, मग साडेचारच्या पुढे घसरण, आणि ४.७ मिलिपाशी सर्वांत तीव्र उतार. आयोडाइड एवढं घट्ट धरतं की हायड्रॉक्साइडच्या पकडीतूनही चांदी ओढून घेतं. क्लोराइड असो वा नसो, त्याला फरक पडत नाही.

४.७ मिलि म्हणजे लिटरला ०.४७ मिलिमोल. चांदीच्या वजनात सुमारे ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर.

तीनदा केलं, तिन्ही वेळा ४.६ ते ४.८. तीन दिवसांनी पहिल्यांदा वहीतल्या आकड्यावर विश्वास बसला.

२० फेब्रुवारी

बाटल्यांचे दोन संच लावले होते. एक थेट २५ अंशांवर, दुसरा आधी ५० अंशांवर तापवून मग २५ वर आणलेला. गारव्याकडून आणि उष्णतेकडून आलेली उत्तरं जुळली तरच द्रावण खऱ्या अर्थाने संपृक्त. १ आणि ६ मोलरला जुळली. १० मोलरच्या दुसऱ्या संचात आकडा थोडा वर राहिला, त्याला अजून वेळ देते आहे.

१ मोलर केओएचमध्ये चांदी लिटरला ०.२० मिलिमोल. ६ मोलरला ०.४७. ३ मोलरचा आकडा या दोघांच्या मध्ये. १० मोलरचा मात्र ६ मोलरच्या खाली. म्हणजे केओएच वाढवत गेलं की चांदी आधी वाढत जाते, ६ मोलरच्या आसपास शिखर गाठते आणि मग उतरते. जुन्या मोजमापांतही शिखर इथेच सापडलेलं आहे, त्यामुळे धीर आला.

सुरुवातीची चढण समजते. हायड्रॉक्साइड जास्त, तर अर्जेंटेट जास्त. नुसता समतोल स्थिरांक धरला तर ६ मोलरला १.२ मिलिमोल यायला हवेत. येतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. मला पटणारं एक कारण असं की या क्रियेला पाणीही लागतं, आणि तीव्र केओएचमध्ये पाणी मोकळं उरत नाही, आयनांभोवतीच गुंतलेलं असतं.

वक्राचं दुसरं टोक मोजण्याच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून ते आकडेमोडीने पाहिलं. साध्या पाण्यातही तपकिरी थोडा विरघळतो, लिटरला सुमारे ०.२ मिलिमोल चांदी, पण तिथे ती बहुतांशी मोकळ्या धन आयनाच्या रूपात. अल्कली घालत गेलं की मोकळी चांदी घटते आणि अर्जेंटेट वाढतात. दोन्ही ०.०१ मोलरपाशी समान होतात, प्रत्येकी ०.००२. ही दरी. तिच्या एका काठावर साधं पाणी, दुसऱ्या काठावर १ मोलर केओएच, आणि दोन्ही काठ जवळजवळ एकाच उंचीचे. हे मला फार सुंदर वाटलं. आम्लाशीही जमवून घेणारा आणि अल्कलीशीही, अशा ऑक्साइडचं सगळं वागणं त्या एका दरीत दिसतं.

पण सेल बांधणाऱ्याला दरी उपयोगाची नाही. केओएचची वीज वाहून नेण्याची क्षमता २५ अंशांवर सर्वाधिक असते ती ६ ते ७ मोलरच्या दरम्यान. वीज सर्वांत सुखाने वाहते तिथेच चांदीही सर्वांत जास्त विरघळते. चांदी-जस्ताच्या सेलमध्ये ४० ते ४५ टक्क्यांचा, म्हणजे १० मोलर किंवा त्याहून तीव्र केओएच भरतात. त्याची कारणं अनेक आहेत, पण आजच्या वक्रावर ते शिखराच्या पलीकडच्या उतारावर बसतात हे पाहून बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

लिटरला ५० मिलिग्रॅम म्हणजे किरकोळच, असं धाकटा सहकारी म्हणाला. आमच्या सेलमध्ये द्रावण जेमतेम ४ मिलि. त्यात एका वेळी मावणारी चांदी एक पंचमांश मिलिग्रॅम. पाटीत मात्र ४.३५ ग्रॅम चांदी आहे. मग घाबरायचं कशाला?

त्याला उत्तर म्हणून फळ्यावर हिशोब मांडला. विरघळलेली चांदी तिथेच थांबली असती तर त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण पलीकडे जस्त आहे. अर्जेंटेट जस्ताला टेकला की चांदी धातू होऊन खाली बसते आणि जस्त झिंकेट होऊन विरघळतं. म्हणजे जस्ताकडच्या काठावर चांदी नेहमी शून्य. अलीकडे संपृक्त, पलीकडे शून्य, त्यामुळे चांदी वाहतच राहते. पाटीतून जेवढी गेली तेवढी ऑक्साइड पुन्हा भरून काढतो.

मध्ये काहीच अडसर नाही, नुसतं ०.२ मिलिमीटर द्रावण आहे, असं धरलं. विसरणाचा, म्हणजे द्रावणातून पसरत जाण्याचा, गुणांक सेकंदाला एका चौरस सेंटिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतका घेतला. हा माझा अंदाज आहे, मोजलेला नाही. चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला १ मिलिग्रॅमच्या जरा वर उत्तर येतं. पाटीचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर, दिवस २१०. गुणाकार ४.४ ग्रॅम. पाटीत होती तेवढी सगळी चांदी.

बराच वेळ कुणी बोललं नाही. सेलोफेन नसतं तर धन पाटी सात महिन्यांत चालत पलीकडे गेली असती.

२४ फेब्रुवारी

आजपासून काळा.

सूत्र पाहून यातली चांदी द्विसंयुजी, म्हणजे अणूमागे दोन इलेक्ट्रॉन गमावलेली, वाटते, पण ती तशी नाही. निम्मी एकसंयुजी आणि निम्मी त्रिसंयुजी. द्विसंयुजी असती तर प्रत्येक अणूवर एक सुटा इलेक्ट्रॉन उरला असता आणि काळ्याने चुंबकाकडे थोडी तरी ओढ दाखवली असती. तशी तो दाखवत नाही.

आधी विरघळणं. ६ मोलरमध्ये चार दिवस हलवून, गाळून, आयोडाइडने मोजलं. आकडा तपकिरीच्या अगदी जवळ आला. इथे एक सावधगिरी लिहून ठेवते. काळ्याचा सूक्ष्म कण जरी द्रावणात राहिला तरी तो आयोडाइडला ऑक्सिडाइझ करतो आणि मोजमाप बिघडतं, म्हणून दोनदा गाळलं. आकडे जुळण्याचं कारण मला असं दिसतं की काळा द्रावणात काळा म्हणून टिकतच नाही. जे विरघळतं ते शेवटी एकसंयुजी अर्जेंटेटच असतं.

त्रिसंयुजी चांदी बघायची होती म्हणून सहकाऱ्याने वेगळा प्रयोग लावला. १० मोलर केओएचमध्ये चांदीची तार धन टोकाला जोडली आणि प्रवाह सोडला. तार आधी काळी झाली, मग तिच्यावर बुडबुडे, आणि तिच्याभोवती फिकट पिवळा ढग उतरायला लागला. चार हायड्रॉक्साइडनी धरलेली त्रिसंयुजी चांदी ती हीच. बाटली झाकून ठेवली. सकाळपर्यंत पिवळेपणा गेला होता आणि तळाला काळी भुकटी बसली होती. तीव्र अल्कलीत हा आयन जरा जास्त टिकतो, पातळ केलं की लवकर मोडतो. चार्जिंगच्या शेवटी धन पाटी ताणली जाते तेव्हा हाच आयन सेलोफेनला सामोरा जात असणार.

२५ फेब्रुवारी

विघटनाचा हिशोब आधी कागदावर.

अल्कलीतले तीन प्रमाण विभव शेजारी शेजारी लिहिले. आकडा जितका मोठा, तितकी समोरच्याला ऑक्सिडाइझ करण्याची ताकद जास्त. तपकिरी आणि चांदी यांच्यात ०.३४५ व्होल्ट. पाणी आणि ऑक्सिजन यांच्यात ०.४०१. काळा आणि तपकिरी यांच्यात ०.६०७. सगळी गोष्ट या क्रमात आहे. तपकिरी ऑक्सिजनच्या खाली आहे, म्हणजे त्याच्याने पाणी फोडवत नाही. त्याच्या विघटनाचा समतोल साध्या तापमानाला एका वातावरणाच्या आठ हजाराव्या भागाएवढ्या ऑक्सिजनवरच थांबतो, आणि हवेत त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन असतो. तपकिरी मोडायचा तर दोनशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो.

काळा ऑक्सिजनच्या वर आहे, ०.२ व्होल्टने वर. म्हणजे तो पाण्यात आहे तोवर हायड्रॉक्साइडला ऑक्सिडाइझ करत राहणार, ऑक्सिजन सोडणार आणि स्वतः तपकिरी होणार. याला कुठला समतोल अडवत नाही, क्रिया संथ आहे एवढाच आधार. काळा ऑक्साइड भरलेला प्रत्येक सेल त्या संथपणाच्या भरवशावर उभा आहे.

किती वायू येईल? १० ग्रॅम काळा पूर्ण तपकिरी झाला तर साध्या तापमानाला सुमारे ४९५ मिलि ऑक्सिजन. म्हणजे जवळजवळ ५ मिलिमागे एक टक्का. ब्युरेट उलटी करून सहज मोजता येईल.

१ ते ११ मार्च

दोन नळ्या, प्रत्येकात १० ग्रॅम काळा आणि १० मोलर केओएच. एक २५ अंशांवर, एक ६० वर. वायू उलट्या ब्युरेटमध्ये.

६० अंशांच्या नळीत तासाभरात बुडबुडे दिसले. २४ तासांनी गार करून वाचलं, ९ मिलि. म्हणजे १.८ टक्के एका दिवसात. २५ अंशांच्या नळीत पहिले दोन दिवस काहीच वाचता येईना. भुकटीत अडकलेले बुडबुडे हलके ठोके देऊन सोडवावे लागले. दहा दिवसांनी २ मिलि, म्हणजे दिवसाला ०.०४ टक्के.

पस्तीस अंशांच्या फरकात वेग पंचेचाळीस पट. सरासरी काढली तर दर साडेसहा अंशांना दुप्पट. दोन बिंदूंवरून रेघ ओढणं धाडसाचं आहे, हे मान्य. ४५ अंशांची नळी लावली आहे.

१४ मार्च

थरांतली चांदी आज मोजली. प्रत्येक थर पाण्याने भरपूर धुतला, म्हणजे क्लोराइड गेलं, मग कोमट पातळ नायट्रिक आम्लात चांदी उतरवली आणि थायोसायनेटने टायट्रेट केली. बारा फेब्रुवारीला ज्या रीतीने दगा दिला तीच इथे चोख चालली, कारण इथे चांदी भरपूर आहे.

पहिला थर ५८ मिलिग्रॅम, दुसरा २७, तिसरा ९, चौथा १.५. जस्ताच्या पाटीवरून मिळाली ती दीड मिलिग्रॅम. एकूण ९७.

अडसराशिवायच्या हिशोबात ४.४ ग्रॅम आले होते, त्याचा पंचेचाळिसावा भाग. सेलोफेन दोन कामं करतं. त्याची छिद्रं इतकी बारीक की अर्जेंटेट सावकाशच पुढे सरकतो, आणि सरकता सरकता सेल्युलोज त्याला धातू करून जागीच बसवतं. स्वतः झिजून. पहिला थर चिमटीत धरताच तुटला, चौथा अजून लवचीक आहे. आँरी आंद्रे या फ्रेंच संशोधकाने १९४१ मध्ये चांदी-जस्ताच्या सेलमध्ये सेलोफेन घातलं आणि तिथून हा सेल पुन्हापुन्हा चार्ज करण्याजोगा झाला. जस्त आणि चांदीची जोडी त्याआधीही माहीत होती, व्होल्टाने १८०० साली आपल्या पहिल्या बॅटरीच्या रचनेत हेच दोन धातू वापरले होते. अडत होतं ते मधल्या पडद्यावर. पुढे १९५७ मध्ये स्पुतनिक-१ मध्ये आणि नंतर अपोलोच्या चांद्रयानात याच जातीच्या बॅटऱ्या गेल्या. माझ्या टेबलावर क्रमांक टाकलेल्या पिशवीत तोच पडदा आहे, हे मनात येऊन काही क्षण हात थांबला.

थरांत अडकलेली चांदी पुढे एकमेकींना टेकून वीजवाहक धागा बनवू शकते, तो धोका वेगळा. पहिल्या थराची आरशाची बाजू मीटरने तपासली, ती वीज वाहते. दुसऱ्या थरात एका बाजूकडून दुसरीकडे वाहत नाही.

१६ मार्च

जमाखर्च.

९७ मिलिग्रॅम म्हणजे ०.९ मिलिमोल. दर मिलिमोल इलेक्ट्रॉनमागे २६.८ मिलिअँपिअर-तास. चांदी एकसंयुजी रूपात गेली म्हणून २४, पण ती मुळात काळ्यातून आली, आणि काळ्यात अणूमागे दोन इलेक्ट्रॉनांची क्षमता असते. त्यामुळे जास्तीत जास्त ४८ धरले.

विघटन दिवसाला ०.०४ टक्के, २१० दिवसांत ८.४ टक्के. काळा तपकिरी झाला की क्षमता निम्मी जाते, म्हणून २१६० च्या ८.४ टक्क्यांचे निम्मे, ९१.

एकूण १३९. हवे होते २४०.

वरची पायरी आखूड होण्याचं आणखी एक कारण इथे आडवं येतं आणि ते बाजूला काढायला हवं. पाटीतल्या चांदीच्या जाळीला टेकलेला काळा जाळीशीच क्रिया करतो आणि दोघांचा मिळून तपकिरी होतो. सुरुवातीला मी हेही तोट्यात धरलं होतं. ते चूक आहे. काळ्यातल्या चांदीच्या एका अणूत दोन इलेक्ट्रॉनांची क्षमता, जाळीच्या चांदीत शून्य, आणि होणाऱ्या तपकिरीत दोन अणू मिळून दोन. बेरीज तीच राहते. व्होल्टेजची वरची पायरी जाते, पण साठा जात नाही. सेल सुरुवातीपासून एकाच व्होल्टेजवर चालावा म्हणून काळ्याच्या गोळीवर मुद्दाम चांदीचा पातळ थर देतात, तो याच क्रियेच्या जोरावर. आखूड पायरी पाहून क्षमता गेली असं म्हणता येत नाही, हे सेलच्या आलेखांकडे बघताना मी आधी कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

मग १०१ कुठे? दुपारी लक्षात आलं की विघटनाचा दर मी २५ अंशांचा घेतला, आणि सेल होता कपाटात. कपाटाचं तापमान कधी लिहिलंच नव्हतं. सरासरी ३० असलं तर साडेसहा अंशांच्या नियमाने ९१ चे १५५ होतात, आणि बेरीज २०३ पर्यंत जाते. ३३ असलं तर २४० ओलांडते. एका न लिहिलेल्या आकड्यावर सगळा निकाल अडला आहे. हिशोब जुळवण्यासाठी सोयीचं तापमान निवडणार नाही. वहीत १३९ हाच आकडा राहील, बाकीचं ‘कारण निश्चित नाही’ या रकान्यात.

एवढं मात्र आता नक्की लिहिता येतं की या सेलमध्ये मोठा वाटा विघटनाचा आहे, विरघळण्याचा नाही. मला सुरुवातीला उलट वाटत होतं. काळं सेलोफेन डोळ्यांत भरतं, ऑक्सिजन दिसत नाही.

१८ मार्च

नवे चार सेल बांधले. दोन काळ्याचे, दोन तपकिरीचे. तपकिरीच्या सेलमध्ये विघटनाचा प्रश्न येत नाही, तेव्हा तिथे जो तोटा दिसेल तो विरघळण्याच्या खात्यावर थेट टाकता येईल. प्रत्येक जोडीतला एक सेल २५ अंशांच्या पाण्याच्या टाकीत आणि एक कपाटात. कपाटात तापमान नोंदवणारं यंत्र ठेवलं, दर तासाला एक आकडा. डब्यांची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजून लिहिली, म्हणजे पुढच्या वेळी ‘किंचित फुगलेली’ असं लिहावं लागणार नाही.

४५ अंशांच्या नळीत आजपर्यंत ११ मिलि, सात दिवसांत. साडेसहा अंशांच्या नियमाने १२ च्या आसपास यायला हवे होते.

नऊ फेब्रुवारीचा कागद सहकाऱ्याने वहीच्या मागच्या पानाला चिकटवला आहे. कडेपासून रंग आणखी गडद झाला आहे.